विमान गेल्यानंतरचं वाक्य

आमची शाळा अंधेरी पूर्वेला, विमानतळाच्या इतकी जवळ होती की तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांना उतरत्या विमानाची चाकं मोजता यायची. त्या वर्षांत आखाताकडे जाणारी माणसं वाढली, तशी विमानंही वाढली. एक विमान गेलं की चाळीसेक सेकंद शाळेत कुणालाच कुणाचं ऐकू यायचं नाही. यावर आमच्या मुख्याध्यापकांनी एक पद्धत बसवली होती. आवाज सुरू झाला की शिकवणाऱ्याने उजवा हात वर करायचा, तळवा समोर, आणि वाक्य असेल तिथे थांबवायचं. वर्गाने हलायचं नाही. आवाज गेला की हात खाली घ्यायचा आणि ज्या शब्दावर थांबलो त्याच शब्दापासून पुढे जायचं. ‘अकबराने’ म्हणून थांबलेला शिक्षक विमानानंतर ‘अकबराने’ म्हणूनच सुरू करायचा.

मुख्याध्यापक स्वतः हे इतक्या कडकपणे पाळत की एकदा शिपायाला रागावताना मध्येच विमान आलं, तर त्यांनी हात वर केला. तो बिचारा चाळीस सेकंद ओशाळा चेहरा धरून उभा राहिला आणि मग उरलेलं रागावणं झालं. मुलांच्या अंगात तर ही सवय पुरती भिनली होती. आमची मुलं वक्तृत्व स्पर्धेला दादरला गेली की रस्त्यावरून ट्रक गेला तरी हात वर करून थांबत. बक्षिसं दुसऱ्या शाळा नेत.

मी तिथे मराठी शिकवायचो. या पद्धतीची मी शिक्षकखोलीत यथेच्छ थट्टा केली आहे. एखाद्या माणसाला आपल्या वाक्याचं एवढं मोल वाटावं की आकाशातलं विमानही ते मोडू शकू नये, याची मला गंमत वाटायची. ते भाषणं पाऊण तासाची करत. त्यात विमानांची भर.

मराठीचा शिक्षक म्हणजे शाळेचा मानपत्रलेखक, हे ओघाने आलंच. तोवर मी अकरा मानपत्रं लिहिली होती. मानपत्र ज्याला देतात तो माणूस त्यात नसतो, हे मला तिसऱ्या-चौथ्या मानपत्रापर्यंत कळून चुकलं होतं. एकदा एका निवृत्त होणाऱ्या शिक्षकांचं मानपत्र ऐन वेळी सापडेना, तेव्हा मी आदल्या वर्षीचंच वाचलं. फक्त नाव बदललं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी गेल्यावर त्यांच्या पत्नी म्हणाल्या म्हणे, की इतकं नेमकं तर आम्हालाही सांगता आलं नसतं.

मुख्याध्यापक फेब्रुवारीअखेर निवृत्त होणार होते. महिन्याच्या सुरुवातीला त्यांनी मला खोलीत बोलावलं. बाराव्या मानपत्राची सूचना असणार, अशा तयारीने मी गेलो. ते म्हणाले, मी तर घरी चाललोय, मला शाल कशाला. आणि द्यायचीच असेल तर एकट्याला नको. आपल्या भूगोलाच्या बाईंचा सत्कार त्याच व्यासपीठावर व्हायला हवा. एवढं दुखणं अंगावर असताना ती बाई रोज उभी राहून शिकवते. तिच्यापुढे माझी छत्तीस वर्षं काय?

हे बोलताना त्यांचा आवाज भरून आला होता आणि तो खोटा नव्हता, हे मला त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. त्या माणसाच्या अंगात दिखावा होता, लबाडी नव्हती. पण त्यांनी मला विचारायला बोलावलं नव्हतं. संस्थेच्या अध्यक्षांशी बोलणं झालं होतं आणि निमंत्रणपत्रिका छापखान्यात गेल्या होत्या.

भूगोलाच्या बाई आणि मी एकाच जूनमध्ये शाळेत लागलो होतो. पंधरा वर्षं आमची टेबलं शेजारी. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या छातीवर मोठी शस्त्रक्रिया झाली होती. इस्पितळ असं, की त्याचं नाव घेताना लोक आपोआप आवाज खाली आणत. त्यांच्या यजमानांना सगळं माहीत होतं आणि रजेच्या अर्जामुळे शाळेत आम्हा सगळ्यांना. माहीत नव्हतं ते त्यांच्या मुलीला. ती आमच्याच शाळेत दहावी ‘अ’मध्ये होती आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिची बोर्डाची परीक्षा होती. तिला सांगितलं होतं की आईच्या काखेत साधी गाठ होती, ती काढली. फेब्रुवारीत विजेचे शेक सुरू झाले, तेव्हा तिला सांगितलं की हात आखडलाय, म्हणून डॉक्टरांनी शेक दिलेत. शाळा साडेबाराला सुटायची. मुलगी बसने जोगेश्वरीला घरी जायची आणि बाई इस्पितळात.

ज्या शिक्षकखोलीत सकाळच्या बातमीला दुपारपर्यंत पाय फुटायचे, त्या खोलीतल्या बत्तीस माणसांनी ही गोष्ट चार महिने पोटात ठेवली होती. या एका बाबतीत मी माझ्या सहकाऱ्यांना कधी नावं ठेवली नाहीत.

बाईंना मी नकाशांच्या खोलीत गाठलं. त्या आफ्रिकेचा नकाशा खिळ्याला अडकवायचा प्रयत्न करत होत्या. उजवा हात टेबलापासून वीतभर वर येई आणि तिथे अडे. पुढे त्या डाव्या हाताने नकाशे लावायला शिकल्या आणि कितीतरी वर्षं तसेच लावत राहिल्या. पण त्या दिवशी नकाशा मी लावला आणि मग काय ते सांगितलं.

त्या नकाशाची खालची कड सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझी मुलगी पहिल्या ओळीत बसणार आहे. विद्यार्थ्यांचं मनोगत तीच वाचणार आहे. सरांनीच तिला निवडलंय.”

मी म्हटलं, सरांना नको म्हणून सांगू या. त्या म्हणाल्या, मीच सांगते. त्या गेल्या आणि दहा मिनिटांत परत आल्या. सरांनी त्यांना बसवून, पाणी देऊन समजावलं होतं की आजाराचं नाव कोण घेणार आहे? नाव घ्यायची गरजच नाही. आपण फक्त सूचित करायचं. भाषेची ताकद त्यातच असते.

“सूचित करणार आहेत,” बाई म्हणाल्या. “आणि सूचक अर्थ ओळखायला तिला कुणी शिकवलंय? तुम्हीच ना?”

दहावी ‘अ’ला मी दोन वर्षं हेच शिकवत होतो, की लेखक जे म्हणत नाही ते शोधा. आणि ती मुलगी ते सगळ्यांत आधी शोधायची.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “मी तिच्यापासून जन्मभर लपवणार नाहीये. शेवटचा पेपर झाला की मी तिला सांगणार आहे. पण मी सांगणार. माझ्या तोंडून, आमच्या घरात. तिने ते माइकवरून ऐकायचं नाही, चारशे लोकांत, माझ्या खांद्यावर शाल असताना. मानपत्र तुम्ही लिहिणार. त्यात काय यायचं ते तुमच्या हातात आहे. बाकीच्यांची तोंडं तुम्हाला धरता येणार नाहीत, ते मला कळतं. पण धरा.”

सूत्रसंचालनही माझ्याकडेच होतं. म्हणजे तोंडं धरायची झाली तर जागा सोयीची होती.

पहिलं तोंड अध्यक्षांचं. ते कापडाचे व्यापारी. बोलायची हौस दांडगी आणि बोलताना शब्द सापडत नसत. सापडला नाही की जवळचा कुठलाही घेत. मी त्यांच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, साहेब, तुमच्या योग्यतेचं भाषण लिहून आणलंय, तुम्हाला वेळ नसतो म्हणून. त्यांनी ते तिथेच गठ्ठ्यांवर बसून मोठ्याने वाचून पाहिलं. बाईंविषयी एकच वाक्य होतं, भूगोलासारख्या रुक्ष विषयात त्यांनी ओलावा आणला. अध्यक्ष म्हणाले, झकास, पण दुखण्याचं कुठाय? मी म्हटलं, ते तुमच्या पातळीवरून बोलायचं नसतं, ते खालचे लोक बोलतील. त्यांना ते पटलं. आयुष्यात एवढ्या सफाईने मी कधी थाप मारली नव्हती.

दुसरं माझंच. बाईंचं मानपत्र मी चार वेळा लिहिलं. बाईंविषयी लिहिण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. पावसाळ्यात पुरात अडकलेल्या पाचवीच्या मुलींना त्यांनी शाळेतच खिचडी करून घातली होती. एकदा परीक्षेत मुंबईला बेट म्हणणाऱ्या मुलाला त्यांनी अर्धा गुण दिला होता, कारण एके काळी ते उत्तर बरोबर होतं. पण खरं काही लिहायला गेलं की पुढचं वाक्य आपोआप ‘आणि आजही’ असं सुरू व्हायचं. खऱ्या माणसाविषयी लिहायचं आणि चालू वर्ष वगळायचं, हे मला जमेना. शेवटी मी ज्याची बारा वर्षं टर उडवली त्यालाच शरण गेलो. ज्ञानदीप, कर्तव्यनिष्ठा, संस्कारांचं शिंपण. दोन पानं भरली. वाचून पाहिलं, त्यातून बाईंचं एक बोटही दिसत नव्हतं. पोकळ भाषेचा उपयोग असतो हे मला पहिल्यांदा कळलं. ती भिंतीसारखी उभी करता येते.

मुख्याध्यापकांचं तोंड राहिलं. त्यांच्याकडे मी दोनदा गेलो. त्यांनी दोन्ही वेळा माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की काळजी करू नका. दुसऱ्या वेळी त्यांनी मला एक वाक्य ऐकवलं. मृत्यूच्या डोळ्यांत डोळे घालून भूगोल शिकवणारी ही रणरागिणी. “यात आजाराचं नाव आहे का? नाही ना?” ते म्हणाले. मी म्हटलं, सर, मुलगी पहिल्या ओळीत आहे. ते म्हणाले, “तिला अभिमान वाटेल.”

समारंभ शनिवारी दुपारी चारला होता. मी दोनलाच गेलो आणि फाटकापाशी पाय थबकले. फाटकातून आत गेल्यावर समोर एक मोठा फळा असे. त्यावर दिवसाचा सुविचार आणि कार्यक्रम लिहायचं काम चित्रकलेच्या मास्तरांचं. तो माझ्या बरोबरीचा, मालवणचा. अक्षर असं की परके लोकही थांबून वाचत. त्या दिवशी त्याने जीव ओतला होता. झेंडूच्या रंगाची चौकट, सावली दिलेली अक्षरं. वरती मुख्याध्यापकांचा सेवापूर्ती सत्कार आणि खाली, ‘दुर्धर व्याधीशी धैर्याने सामना करणाऱ्या आपल्या भूगोलाच्या बाईंचा हृद्य गौरव’.

तो जिन्याखाली बसून हात धूत होता. मी म्हटलं, “अरे, हे काय लिहिलंस?”

“कित्या? खोटा काय लिवलंय? खरा ता लिवलंय.”

“तिची मुलगी तीनला येतेय रे.”

त्याला मुलीबद्दल माहीत नव्हतं असं नाही. बत्तिसांपैकी तोही एक होता. पण खडू हातात घेतला की तो वाक्य वाचत नसे, अक्षरं काढत असे. मजकूर मुख्याध्यापकांनी चिठ्ठीवर दिला होता, तो त्याने उतरवला होता. मी रुमाल ओला केला आणि पुसायला लागलो. तो ओरडला, अख्खा फळा घाण करशील, दोन तास गेलेत माझे. मग त्यानेच फडकं आणलं आणि ‘दुर्धर’पासून ‘करणाऱ्या’पर्यंतचं सगळं नीट, कडेकडेने पुसलं. मध्ये एक काळी खिंड उरली. ती बघून त्याला राहवेना. दहा मिनिटांत त्याने तिथे तळं काढलं आणि तळ्यात दोन कमळं. हात पुसत म्हणाला, “आता कोणी विचारल्यान तर सांग, बाईंका फुलां आवडतत.”

तीनला मुलगी आली. फळ्यापाशी थांबली, वाचलं आणि आत गेली. आमच्या शाळेच्या फळ्यावर कधी कमळ नसायचं, हे तिच्या लक्षात आलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही.

सभागृह म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली मोठी शेड. चारशे माणसं होती. पालक बरेचसे कोकणातले, संपानंतर गिरणी सुटलेले आणि आता औद्योगिक वसाहतीत रखवालदार नाहीतर पॅकर झालेले. धुतलेले कपडे घालून, मुलांच्या सरांना निरोप द्यायला आलेले. व्यासपीठावर मधे अध्यक्ष, त्यांच्या एका बाजूला मुख्याध्यापक, दुसऱ्या बाजूला बाई. बाईंनी निळी साडी नेसली होती आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. मी माइकच्या बाजूला उभा.

अध्यक्षांनी माझं भाषण वाचलं. मधे विमान आलं. आम्ही सगळे सवयीने स्तब्ध झालो. अध्यक्ष थांबले नाहीत. चाळीस सेकंद त्यांचं तोंड नुसतं हलताना दिसत होतं. विमान गेलं तेव्हा ते ‘धन्यवाद’पाशी पोहोचले होते. चारशे माणसांनी न ऐकलेल्या भाषणाला मनापासून टाळ्या वाजवल्या.

मग मुलीने मनोगत वाचलं. स्वतः लिहिलेलं, साधं, छोटं. सरांविषयी तिने लिहिलं होतं की त्यांनी आम्हाला थांबायला शिकवलं आणि थांबलो होतो तिथूनच पुढे जायला शिकवलं. मला ते माझ्या तेराही मानपत्रांपेक्षा चांगलं वाटलं. आईविषयी तिने एवढंच म्हटलं की त्या माझी आई असल्यामुळे मी बोलत नाही. लोक हसले. ती खाली येऊन पहिल्या ओळीत बसली, कागदाची घडी मांडीवर ठेवून.

मी दोन्ही मानपत्रं वाचली. शाली झाल्या, श्रीफळं झाली. बाईंच्या खांद्यावर शाल घालताना अध्यक्षांच्या पत्नींनी ती उजवीकडून जरा ओढली, तेव्हा बाईंचे ओठ आवळले गेले. मी मुलीकडे पाहिलं. ती आईच्या खांद्याकडे पाहत होती.

मुख्याध्यापक उभे राहिले. शाळा कशी सुरू झाली, चार वर्ग, गळकं छप्पर, हे सगळं झालं. आवाज चढत गेला. मला त्यांची भाषणं पाठ होती. उतारावरची गाडी कुठल्या वळणाला सुटते ते मला माहीत होतं. ते बाईंकडे वळले.

“पण आज माझ्याहून मोठी व्यक्ती या व्यासपीठावर बसली आहे,” ते म्हणाले. “आपल्या भूगोलाच्या बाई. रोज सकाळी साडेसातपासून त्या तुमच्या मुलांना जग दाखवतात. आणि शाळा सुटल्यावर, दुपारी, त्या जिथे जातात, तिथे...”

विमान आलं.

त्यांचा हात वर गेला. सभागृह थिजलं. पत्रा थरथरू लागला. ‘तिथे’ हा शब्द हवेत तसाच राहिला होता आणि त्याच्यापुढे काय येणार ते व्यासपीठावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. मी हिशेब केला की माइकची वायर माझ्या पायापासून दोन हातांवर आहे. ती ओढता येईल. पण सर माइकशिवायही शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जायचे.

मुलीने मान वर केली होती. ती सरांकडे पाहत होती, पुढच्या शब्दाची वाट बघत, वर्गात बसावी तशी.

तेवढ्यात टेबलाच्या पांढऱ्या कापडावर काहीतरी हललं. बाईंचा उजवा हात. तो वीतभर वर आला आणि तिथे अडला, तळवा मुख्याध्यापकांकडे. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं की बाईही शाळेची पद्धत पाळताहेत. पण शाळेत बोलणारा हात वर करतो. ऐकणारा कधी करत नाही.

मुख्याध्यापकांनी तो हात पाहिला. मग बाईंच्या नजरेचा माग घेत पहिल्या ओळीत पाहिलं. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं बघत होतो. त्यावर कधी शंका पाहिली नव्हती. ती आता दिसली.

आवाज ओसरला. पत्रा शांत झाला. त्यांचा हात तरीही वरच होता. लोक वाट बघत होते. मागे एक मूल खोकलं. मग हात हळूहळू खाली आला.

“बाईंनी या शाळेला नकाशा वाचायला शिकवलं,” ते म्हणाले. “माझ्या निरोपाच्या दिवशी मला एवढंच सांगायचं होतं. नमस्कार.”

आणि ते बसले. पाऊण तासाच्या भाषणाची सवय असलेल्या लोकांना ते संपलंय हे कळेना. टाळ्या फार उशिरा आल्या.

चहाच्या वेळी ते कोपऱ्यात एकटे उभे होते, शाल हातावर. मी जवळ गेलो. ते म्हणाले, “मुलगी पहिल्या ओळीत आहे, असं तुम्ही मला सांगितलं होतं.”

“हो सर.”

“मी ऐकलं नव्हतं,” ते म्हणाले. एवढंच. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि पालकांमध्ये गेले. त्यानंतर मी त्यांची विमानावरून थट्टा केली नाही.

सुटलो, असं मला वाटलं. बाईंनाही वाटलं असावं. जाताना त्या माझ्याजवळ थांबून म्हणाल्या, “मानपत्र फारच वाईट होतं. आभारी आहे.”

दहावीची मुलं अभ्यासाच्या रजेवर होती, पण अडलं की विचारायला यायची. सोमवारी मुलगी आली. मी वाचनालयात एकटाच होतो. तिने पाठ्यपुस्तक उघडलं, एक-दोन शंका विचारल्या. उत्तरं तिला आधीच माहीत होती, हे माझ्या लक्षात आलं. मग पुस्तक बंद केलं.

“सर, शनिवारी मुख्याध्यापक सरांनी वाक्य बदललं.”

मी म्हटलं, कुठलं?

“ते ‘तिथे’वर थांबले होते. विमान गेल्यावर ‘तिथे’पासून सुरू केलं नाही. पाचवीपासून मी त्यांना असं करताना कधी पाहिलं नाही.”

मी म्हटलं, निरोपाचा दिवस होता, माणूस हळवा होतो. तिने ते ऐकून घेतलं. मी वर्गात एखादं फसलेलं उत्तर ऐकून घ्यायचो तसं.

“आई दुपारी कुठे जाते, सर?”

“शेक घ्यायला. तुला माहीत आहे.”

“शेक घ्यायला जाणाऱ्या माणसाचा सत्कार करत नाहीत,” ती म्हणाली. “पीटीचे सर बावीस वर्षं आहेत. त्यांची कंबर धरलीय. त्यांना कुणी नारळ दिला नाही.”

मी खिडकीबाहेर पाहिलं. विमान यावं असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. आलं नाही.

“तुम्ही वाचलेल्या मानपत्रात आई नव्हतीच,” ती म्हणाली. “मी घरी जाऊन दोनदा वाचलं. तुम्हीच म्हणता ना, जे म्हटलेलं नाही ते शोधा.”

मी म्हटलं, “हे बघ...” आणि पुढे काय म्हणणार होतो ते मला आजही ठाऊक नाही. तिने मला बोलू दिलं नाही.

“आत्ता नका सांगू. सांगितलंत तर मला पेपर देता येणार नाहीत, आणि आईला वाटेल की तिच्यामुळे. मला फक्त एवढं हवं होतं की तुम्ही काहीच नाही असं म्हणताय का बघावं. तुम्ही म्हणाला नाहीत.” ती उठली. “आणि मी विचारलं हे आईला सांगू नका, सर. ती माझ्यासाठी लपवतेय. तिला परीक्षा होईपर्यंत लपवू दे.”

पुढचे तीन आठवडे माझे कसे गेले ते सांगत नाही. बाई दर दोन दिवसांनी शेजारच्या टेबलावरून हळू आवाजात विचारत, “तिला काही कळलं नसेल ना हो?” आणि मी म्हणायचो, “छे, कसं कळेल?” एकदा मुलगी जिन्यात भेटली, तिने विचारलं, आईला काही संशय? मी म्हटलं, अजिबात नाही. एकमेकींपासून जपणाऱ्या दोघींच्या मधे मी उभा होतो आणि दोघींनाही खोटं सांगत होतो. पेपरामागून पेपर होत गेले. मराठी, बीजगणित, विज्ञान. प्रत्येक पेपरानंतर मी मुलांना कसा गेला म्हणून विचारायचो आणि एकाच उत्तराकडे माझा कान असायचा.

शेवटचा पेपर भूगोलाचा होता. आमच्या मुलांचं केंद्र मालाडला, बाजाराच्या मागच्या एका शाळेत आलं होतं. मुलांना भेटायचं असं स्वतःला सांगून मी गेलो. फाटकाबाहेर बाई उभ्या होत्या. शेवटचे दोन शेक उरले होते, एक त्या दुपारचा. मुलीला जेवायला घरी पाठवायचं, आपण इस्पितळात जाऊन यायचं आणि संध्याकाळी तिच्याजवळ बसून सगळं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. काय सांगायचं, कशापासून सुरुवात करायची, हे त्यांनी मला बसस्टॉपच्या सावलीत दोन वेळा म्हणून दाखवलं. दोन्ही वेळा सुरुवात वेगळी होती.

घंटा झाली. मुलं बाहेर आली. मुलगी आली, तिने मला नमस्कार केला आणि आईसमोर उभी राहिली.

“नकाशा कसा होता?” बाईंनी विचारलं.

“सोपा होता.”

“जेवून घे घरी जाऊन. मी येते तीन-साडेतीनपर्यंत.”

मुलीने आईच्या डाव्या खांद्यावरची पर्स काढून घेतली आणि आपल्या खांद्याला लावली. आजूबाजूला पोरं एकमेकांच्या नावाने ओरडत होती, भाजीवाले ओरडत होते. मालाडला विमानं तशी लांबून जातात.

“तिथे,” ती म्हणाली, “आज मी येणार आहे तुझ्याबरोबर.”

बाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही...”

“सरांनी काही सांगितलं नाही,” मुलगी म्हणाली. “सांगायचं तू. बसमध्ये सांग. बस रिकामी असते ना या वेळेला?”

“असते,” बाई म्हणाल्या.

बस आली. मुलगी आईच्या उजव्या बाजूने चढली, स्टॉपवरच्या पोरांचा धक्का त्या हाताला लागू नये अशी. मी तिथेच उभा राहिलो. खिडकीतून बाईंचा चेहरा दिसला. त्या बोलायला लागल्या होत्या आणि मुलगी हलत नव्हती.